विश्लेषण : कुत्र्याच्या लाळेपासून त्याच्या भीतीपर्यंत... इव्हान पावलोव्ह यांनी नेमके काय शोधले?

दिवाळीतली पहिली माळ फुटण्याआधी, नुसता काडेपेटीचा आवाज आला तरी काही कुत्री पलंगाखाली शिरतात. साखळी खुंटीवरून काढली की दारात नाचू लागतात. प्राण्यांच्या दवाखान्याचे वळण आले की अंग चोरतात. यातली एकही गोष्ट त्यांना कोणी मुद्दाम शिकवलेली नसते. मग ती ती शिकतात कशी?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात एका रशियन शास्त्रज्ञाने आयुष्याची तीसहून अधिक वर्षे घालवली. त्यांचे नाव इव्हान पेत्रोविच पावलोव्ह. शाळा-कॉलेजच्या पुस्तकात ते एका ओळीत भेटतात : घंटा वाजली, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटले. पण कुत्र्याच्या मनाविषयी बोलायचेच नाही, असा दंडक घालणारा हा माणूस म्हातारपणी कुत्र्याच्या भीतीपाशी येऊन कसा थांबला, आणि पिल्लाच्या बालपणाबद्दलचे आपलेच मत त्याने का बदलले, हा भाग त्या एका ओळीत येत नाही. घरात पिल्लू आणणाऱ्यांसाठी मात्र तोच सर्वात महत्त्वाचा आहे.

पावलोव्ह कोण होते?

मॉस्कोच्या आग्नेयेला सुमारे दोनशे किलोमीटरवर रियाझान नावाचे गाव आहे. तिथल्या एका धर्मगुरूच्या घरी २६ सप्टेंबर १८४९ रोजी पावलोव्ह यांचा जन्म झाला. भावंडांत ते थोरले. लहानपणी उंचावरून पडल्यामुळे त्यांची तब्येत बरीच वर्षे नाजूक राहिली आणि शाळेचे तोंड त्यांनी पाहिले ते अकराव्या वर्षी. वडिलांसारखेच धर्मगुरू व्हायचे, हे ठरल्यासारखेच होते. त्यासाठी ते धार्मिक विद्यालयात दाखलही झाले.

पण तो काळ रशियात विज्ञानाच्या नव्या वाऱ्याचा होता. इव्हान सेचेनोव्ह या शरीरक्रियाशास्त्रज्ञाचे मेंदूच्या प्रतिक्षिप्त क्रियांवरचे लेखन १८६३ मध्ये प्रसिद्ध झाले होते. आपण ज्याला मन म्हणतो त्याचाही अभ्यास शरीराच्या नियमांनी करता येईल, असा त्याचा रोख होता. तरुण पावलोव्ह यांना या विचाराने झपाटले. १८७० मध्ये धार्मिक शिक्षण अर्धवट सोडून ते सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठात निसर्गविज्ञान शिकायला गेले.

पुढची वीस वर्षे ओढाताणीची होती. १८८१ मध्ये सेराफिमा कार्चेव्हस्काया यांच्याशी लग्न झाले, पण संसार चालवण्याइतकी मिळकत नव्हती. पहिले मूल लहानपणीच गेले. हृदयाच्या नसांवरचा प्रबंध १८८३ मध्ये पूर्ण झाला. त्यानंतर दोन वर्षे जर्मनीत नामवंत शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम केले. १८९० मध्ये सैनिकी वैद्यकीय अकादमीत प्राध्यापकपद मिळाले आणि १८९१ मध्ये नव्याने सुरू झालेल्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत शरीरक्रिया विभाग हाती आला. वयाच्या चाळिशीनंतर घडी बसली.

नोबेल घंटेसाठी मिळाले का?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज. पावलोव्ह यांना १९०४ चे नोबेल मिळाले ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. हा मान मिळवणारे ते पहिले रशियन.

त्या काळी प्राण्यावर शस्त्रक्रिया करून लगेच निरीक्षणे नोंदवायची आणि मग प्राणी मरायचा, अशी पद्धत होती. वेदनेने आणि गुंगीने अर्धमेल्या झालेल्या शरीरात पोट कसे चालते हे कळणार कसे, हा पावलोव्ह यांचा आक्षेप होता. त्यांनी माणसांच्या रुग्णालयासारखे स्वच्छ शस्त्रक्रियागृह उभारले. कुत्र्यावर शस्त्रक्रिया करायची, त्याला बरे होऊ द्यायचे आणि मग महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, त्याच्या शरीराचे काम पाहायचे, ही त्यांची रीत. जठराचा एक छोटा कप्पा वेगळा करून त्यात पाझरणारा रस बाहेरून मोजण्याची त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. ही अवघड शस्त्रक्रिया १८९४ मध्ये ज्या कुत्र्यावर साधली, त्याचे नाव होते ‘ड्रुझोक’. रशियनमध्ये त्याचा अर्थ छोटा मित्र.

लाळेने काम कसे बिघडवले?

पचन तोंडापासून सुरू होते, म्हणून लाळेचाही अभ्यास सुरू झाला. लाळग्रंथीची नळी गालातून बाहेर काढायची आणि थेंब मोजायचे, असा सोपा प्रयोग. कोरडी पोळी दिली की लाळ जास्त, ओलसर मांस दिले की कमी. इथपर्यंत ठीक होते. अडचण आली ती वेगळीच. अन्न तोंडात जाण्याआधीच लाळ गळू लागली. भांडे दिसले की लाळ, नेहमीच्या माणसाची पावले वाजली की लाळ.

अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर हा मोजमापातला गोंगाट होता. बहुतेकांनी तो गाळून टाकला असता. पावलोव्ह यांनी पचन बाजूला ठेवून या गोंगाटाचाच अभ्यास हाती घेतला.

आपल्याला हे नवे नाही. चिंचेचे नुसते नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. पण ज्याने आयुष्यात चिंच चाखलीच नाही, त्याला सुटेल का? पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेत नेमका हाच प्रयोग झाला. काही पिल्ले अनेक महिने फक्त दुधावर वाढवली. मग त्यांच्यासमोर मांस धरले. लाळेचा थेंब नाही. मांसाचा वास आणि रूप त्यांच्यासाठी अन्न नव्हतेच. एक-दोनदा मांस खाल्ल्यावर मात्र ते नुसते दिसले तरी लाळ सुटू लागली. म्हणजे जी गोष्ट उपजत वाटते, तीही बऱ्याचदा अनुभवातून आलेली असते.

कुत्र्याच्या मनाचा विषय बंद का केला?

सुरुवातीला पावलोव्ह यांचे सहकारी स्नार्स्की या लाळेवर काम करत होते. काळ्या रंगाचे आम्ल कुत्र्याच्या तोंडात घातले की लाळ सुटते. काही दिवसांनी नुसते काळे पाणी दाखवले तरी ती सुटते. स्नार्स्की यांचे म्हणणे असे, की कुत्र्याला आठवते, तो ओळखतो, त्याला नकोसे वाटते. पावलोव्ह यांना हे पटेना. आपण कुत्र्याच्या डोक्यात शिरू शकत नाही, मग त्याला काय वाटते हे कशाच्या आधारावर लिहायचे? थेंब मोजता येतात, तेवढेच खरे. अखेर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुढे प्रयोगशाळेत कुत्र्याला वाटले, त्याने विचार केला असे शब्द वापरणाऱ्याला दंड होत असे, असे सांगतात.

१९०३ मध्ये माद्रिदच्या वैद्यकीय परिषदेत पावलोव्ह यांनी हा नवा विषय जगासमोर मांडला. त्यांनी त्याला दिलेल्या रशियन नावाचा अर्थ होतो अटीवर अवलंबून असलेली प्रतिक्षिप्त क्रिया. मराठी पुस्तकांत तिला अभिसंधान म्हणतात. मूळ नावातली अट मात्र लक्षात ठेवण्याजोगी आहे. खूण आणि अन्न एकत्र येत राहिले, तरच ती क्रिया टिकते. अट मोडली की ती विरत जाते.

मग घंटेचे काय?

घंटा क्वचित वापरली गेली असेल, पण रोजच्या कामात मेट्रोनोम, म्हणजे संगीताचा ताल मोजणारे टिकटिक यंत्र, तसेच बझर, दिवे, त्वचेला होणारा स्पर्श अशा खुणा असत. कारण त्या हव्या तितक्या नेमक्या करता येत. मिनिटाला अमुक ठोके म्हणजे अन्न आणि तमुक ठोके म्हणजे काही नाही, हा फरक कुत्री शिकत.

यातून जे नियम हाती आले, ते आजही कुत्र्यांचे प्रशिक्षक रोज वापरतात. खूण आधी आणि अन्न लगेच नंतर, असा क्रम असेल तर शिकणे पटकन होते. क्रम उलटा झाला तर फारसे काही साधत नाही. खुणेनंतर अन्न मिळेनासे झाले की प्रतिसाद विझतो, पण काही वेळ गेल्यावर तो आपोआप थोडा परत येतो. म्हणूनच सुटली वाटणारी सवय काही दिवसांनी पुन्हा डोके वर काढते. आणि नवी जागा, नवा माणूस, अनोळखी आवाज आला की चांगली शिकलेली गोष्टही कुत्रा विसरल्यासारखे करतो. सहकाऱ्यांचा प्रयोग व्यवस्थित चालू असायचा आणि तो पाहायला खुद्द पावलोव्ह खोलीत आले की बिघडायचा. घरात शहाण्यासारखा बसणारा कुत्रा बागेत ऐकत नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. या अडचणीवर उपाय म्हणून जाड भिंतींची आणि भोवती खंदक असलेली खास इमारत बांधण्यात आली. तिला शांततेचा मनोरा म्हटले जाई.

एक फरक इथे सांगायला हवा. बस म्हटल्यावर बसणे आणि त्याबद्दल खाऊ मिळवणे, हे शिकणे वेगळ्या प्रकारचे आहे. तिथे कुत्रा स्वतःच्या कृतीचा परिणाम शिकतो. पावलोव्ह यांनी दाखवलेले शिकणे त्याच्याही खाली, नकळत चालू असते. कोणती खूण सुखाची आणि कोणती धोक्याची, हे शरीर आधी ठरवते.

वर्तुळ पाहून कुत्रा का कोलमडला?

१९१४ च्या सुमारास शेंगर-क्रेस्तोव्निकोव्हा या सहकारी महिलेने एक प्रयोग केला. पडद्यावर वर्तुळ दिसले की कुत्र्याला अन्न, लंबवर्तुळ दिसले की काही नाही. कुत्रा हे सहज शिकला. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेले. दोन्ही अक्षांचे प्रमाण नऊास आठ इतके जवळ आले, तेव्हा कुत्र्याला दोन आकार वेगळे ओळखता येईनात. तरीही प्रयोग सुमारे तीन आठवडे चालू ठेवला.

जे घडले ते कोणाला अपेक्षित नव्हते. एरवी शांत उभा राहणारा कुत्रा किंचाळू लागला, अंगाला हिसके देऊ लागला, लावलेली उपकरणे दातांनी तोडू लागला. आधी सहज जमणारा, ठळक फरकही तो आता ओळखेना. पुन्हा पहिल्यापासून, अगदी सावकाश शिकवावे लागले.

या कुत्र्याला कोणी मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते. त्याच्यावर फक्त न सुटणारे कोडे पुन्हा पुन्हा लादले गेले होते. लाळेचे थेंब मोजणाऱ्या प्रयोगशाळेला आता कुत्र्याच्या मानसिक कोसळण्याची दखल घ्यावी लागली. आज पायात घोटाळला म्हणून लाड आणि उद्या त्याच गोष्टीसाठी ओरडा, अशा घरात वाढणाऱ्या कुत्र्याची अस्वस्थता समजून घ्यायला हा प्रयोग उपयोगी पडतो.

पुराने काय शिकवले?

दरम्यान रशियात क्रांती झाली होती. नोबेलची रक्कम बुडाली, शहरात उपासमार होती, प्रयोगशाळेतली कुत्री अन्नावाचून मरत होती. पावलोव्ह यांनी देश सोडण्याची परवानगी मागितली. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ हातचा जाणे नव्या सत्तेला परवडणारे नव्हते. २४ जानेवारी १९२१ रोजी लेनिन यांच्या सहीने त्यांच्या कामासाठी खास सोयी देणारा आदेश निघाला. पावलोव्ह राहिले, पण सरकारवर टीका करणे त्यांनी सोडले नाही. धर्मगुरूंच्या मुलांना अकादमीतून काढले जाऊ लागले, तेव्हा आपणही धर्मगुरूचेच पुत्र आहोत या भूमिकेतून त्यांनी तिथले प्राध्यापकपद सोडले.

२३ सप्टेंबर १९२४ रोजी शहरात, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये, मोठा पूर आला. कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत पाणी शिरले. पिंजऱ्यांची दारे खालच्या बाजूला होती. त्यामुळे नाक कसेबसे पाण्यावर धरून तरंगणाऱ्या कुत्र्यांना बाहेर काढताना त्यांची डोकी पाण्याखाली ढकलावी लागली. कुत्री वाचली.

पण काहींचे शिकलेले सारे पुसल्यासारखे झाले. ठोके वाजले तरी लाळ नाही, समोरचे अन्नही नको. एका कुत्र्याच्या बाबतीत सहकारी स्पेरान्स्की यांनी नेहमीसारखे दाराआड न थांबता त्याच खोलीत, त्याच्याजवळ बसून पाहिले. हळूहळू त्याचे प्रतिसाद परतले. माणूस बाहेर गेला की ते पुन्हा मंदावत. पुढे कुत्रा बरा झाल्यावर दाराखालून खोलीत पाण्याचा छोटासा ओघळ सोडला. तो पाहताच कुत्रा धापा टाकू लागला, त्याची चुळबुळ सुरू झाली आणि प्रतिसाद पुन्हा बिघडले.

दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितात, हे आपण माणसाबद्दल म्हणतो. पुराने पोळलेला कुत्रा ओघळाला भीत होता. आणि त्याला सावरणारी गोष्ट औषध नव्हती, ओळखीच्या माणसाची सोबत होती.

भित्रा कुत्रा जन्मतो की घडतो?

पावलोव्ह यांनी आपल्या कुत्र्यांचे स्वभाव मज्जासंस्थेच्या ताकदीवरून चार प्रकारांत विभागले होते. त्यात कोपऱ्यात दबणारी, शेपूट पोटाखाली घेणारी, पावलागणिक बिचकणारी कुत्री दुर्बळ मज्जासंस्थेची आणि हा दुबळेपणा बहुधा जन्मजात, असा त्यांचा समज होता.

लेनिनग्राडजवळच्या कोल्तुशी गावी त्यांच्यासाठी नवे संशोधन केंद्र उभे राहत होते. तिथे कुत्र्यांची आनुवंशिकता अभ्यासायची होती. त्याच काळात विर्झिकोव्स्की आणि मायोरोव्ह या दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच वेतातली पिल्ले दोन गटांत वाटली. अर्धी मोकळी वाढली : माणसे, आवाज, जमीन, इतर कुत्री, सगळे पाहत. अर्धी पिंजऱ्यात वाढली. खाणे-पिणे दोघांनाही व्यवस्थित होते.

मोठी झाल्यावर मोकळी वाढलेली कुत्री धीट निघाली. पिंजऱ्यातली त्यांचीच भावंडे मात्र जरा काही बदलले की जमिनीला चिकटत. पिंजऱ्यातून बाहेर काढल्यानंतरही त्यांची ही भीती टिकून राहिली. आईबाप एकच, फरक फक्त बालपणाचा.

पावलोव्ह यांनी यावरून असा अर्थ लावला, की प्रत्येक पिल्लू नव्या गोष्टीला आधी बिचकते. ही सावधगिरी नैसर्गिक असते. पिल्लू पुढे होऊन हुंगते, चाटते, काही वाईट घडत नाही आणि बिचकणे ओसरते. पिंजऱ्यातल्या पिल्लाला ही संधीच मिळाली नाही, म्हणून त्याची सावधगिरी आयुष्यभराची भीती झाली. दुर्बळ जन्मलेला कुत्रा आणि भित्रा घडवलेला कुत्रा बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून नुसत्या वागण्यावरून जन्मस्वभाव ठरवता येत नाही, हे त्यांनी मान्य केले. त्या वेळी त्यांचे वय ८३-८४ होते.

कुत्र्यांनी काय किंमत मोजली?

हे सारे सांगताना एक बाजू झाकून ठेवता येत नाही. पावलोव्ह यांच्याकडची बरीच कुत्री रस्त्यावरून पकडून आणलेली असत. शस्त्रक्रियांत अनेक दगावली. काहींची अन्ननलिका कापून गिळलेले अन्न बाहेर पडेल अशी व्यवस्था केली जाई, आणि त्यांच्या पोटातून मिळणारा रस अपचनावरचे औषध म्हणून विकला जाई. आजच्या नियमांत यातले बरेच प्रयोग बसणार नाहीत. पावलोव्ह यांनाही या ऋणाची जाणीव असावी. १९३५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने संस्थेच्या बागेत कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. त्याच वर्षी शरीरक्रियाशास्त्रज्ञांची जागतिक परिषद लेनिनग्राडला भरली आणि पावलोव्ह तिचे अध्यक्ष होते. त्यानंतर काही महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १९३६ रोजी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. वय होते ८६.

घरी पिल्लू आणणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

पावलोव्ह यांच्यानंतर अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पिल्लांच्या वाढीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो पुस्तकरूपाने मांडला. पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, आवाजाला ते तिसऱ्या आठवड्याच्या आसपास दचकू लागते. तिथून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो. या काळात जे ओळखीचे होते, ते पुढे सहसा भीतीचे राहत नाही.

म्हणून पिल्लाला आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. घरी आणल्यावर लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडता येत नसले, तरी कडेवर घेऊन जग दाखवता येते : रिक्षाचा आवाज, छत्री, काठी घेतलेले आजोबा, लहान मुले, कुकरची शिट्टी. त्याला ओढत नेऊ नये. बिचकले तर थांबावे, स्वतःहून हुंगायला पुढे आले तर येऊ द्यावे.

मोठ्या कुत्र्याला फटाक्यांची भीती असेल तर दिवाळीच्या काही महिने आधी फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावावा आणि लगेच आवडीचा खाऊ द्यावा. आवाज आधी, खाऊ नंतर. कुत्रा निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवावा. घाई केली तर लंबवर्तुळाच्या प्रयोगासारखी गत होते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. भीती फार असेल तर पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. आणि प्रत्यक्ष दिवाळीच्या रात्री त्याच्याजवळ बसावे. जवळ घेतल्याने तो अधिक भित्रा होईल, ही शंका मनात आलीच तर १९२४ च्या पुरातला तो कुत्रा आठवावा. त्याचे शिकलेले सारे परतले होते, ते माणूस खोलीत येऊन बसल्यावर.